धून आली, शिपाई बाहेरच

‘कदम कदम बढाए जा’ची जुनी रेकॉर्ड लावली की घरातली मुलेही पायाने ताल धरतात. आझाद हिंद सेनेच्या या संचलनगीताला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चाल दिली कॅप्टन राम सिंह ठाकुरी यांनी. नोव्हेंबर १९४५ मध्ये याच सेनेच्या अधिकाऱ्यांवर दिल्लीच्या लाल किल्ल्यात सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला सुरू झाला.

पुढे देश स्वतंत्र झाला. पण या सेनेतल्या जवानांना लष्करात परत घेतले गेले नाही. खुद्द राम सिंह उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलात गेले. धून मात्र लष्करी बँडने आपलीशी केली. २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटला विजय चौकात ती अनेकदा घुमली आहे. रेकॉर्ड लावाल तेव्हा मुलांना हेही जरूर सांगा.