कोट्यधीशांचे कर्तृत्व आणि औंधचा माळ

शाळांच्या स्नेहसंमेलनांत एक विधान आम्ही वारंवार ऐकत आलो आहोत: कोट्यधीश झालेला मनुष्य केवळ स्वतःच्या बुद्धीने झाला, दैवाच्या गोष्टी आळशांनी कराव्यात. या विधानाला आमची हरकत आहे. आणि तिचा पुरावा शोधण्यास कराडकरांना दूर जावे लागत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे कर्तृत्व निर्विवाद. 1903 मध्ये त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्यास शिवेनात, तरी ते डगमगले नाहीत. परंतु पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली, तेव्हा हाच कर्तबगार पुरुष निराधार झाला. 1909 मध्ये त्यांचे स्नेही भवानराव पंतप्रतिनिधी औंधच्या गादीवर आले. 1910 मध्ये त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर माळ व 10,000 रुपये कर्ज दिले. गादी दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर? पुढे 1914 चे महायुद्ध पेटले आणि विलायती नांगर येईनासे झाले. ते युद्ध काही किर्लोस्करांनी पुकारले नव्हते.

त्याच औंध संस्थानात, कराड स्थानकाला लागून, 1916 मध्ये ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी तेवत असे. (त्याची काच राखेने पुसण्याचे काम लहानपणी आमच्याकडे होते.) तो कारखाना आज बंद आहे. ओगल्यांची बुद्धी उणी होती काय? कोणी म्हणेल, किर्लोस्कर पंपांकडे वळले, ही दूरदृष्टी. मान्य. पण ज्या विजेने विहिरीवरचा पंप चालविला, त्याच विजेने कंदील विझविला. वीज दोघांच्याही हाती नव्हती.

हा वाद पुस्तकी नव्हे. यश केवळ गुणांचे मानले, की अपयश आपोआप अवगुणांचे ठरते. मग नोकरी न लागलेला मुलगा घरातच मान खाली घालून वावरतो. आणि धनिक आपल्या मजुराला वाजवी मजुरी नाकारून नाताळात मिठाईचा पुडा देतो व त्याला औदार्य म्हणतो. माळावरचे निवडुंग तोडणारे हातही कष्टाळूच होते. त्यांच्या नावे कारखाना झाला नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील ‘टॅलन्ट’ हे वजनाचे व पैशाचे माप होते. सेवकांनी ते वाढविले खरे, परंतु आरंभी ते धन्याने हाती दिले होते. येत्या संमेलनात प्रमुख पाहुण्यांनी आपल्या कष्टांची कथा अवश्य सांगावी. मात्र आपला माळ कोणी दिला, तेही मुलांना सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.