भीमेच्या फुगवट्याची कड

मुळा-मुठा नदी भीमेस मिळते ती रांजणगाव सांडसाजवळ. गणपतीचें रांजणगाव तें निराळें; तेंही शिरूर तालुक्यांतलेंच, पण हें नदीकांठचें. पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांचें सांडपाणी, कांहीं शुद्ध केलेलें व कांहीं तसेंच सोडलेलें, येथें भीमेंत येतें आणि दौंडच्या खालच्या अंगास उजनीच्या फुगवट्यांत जाऊन स्थिरावतें. धरण १९८० सालीं पुरें झालें. तेव्हांपासून सखल रानांत शिरलेले पाण्याचे उथळ कोपरे म्हणजे गोड्या पाण्याच्या लहान खाड्याच झाल्या आहेत. हिवाळ्यांत भिगवण-कुंभारगावाकडे रोहित पक्षी उतरतात ते या उथळ पाण्यासाठींच.

शहरास दोष देणें सोपें आहे, व तो दोष खराही आहे. परंतु शहराची घाण थांबेपर्यंत कांठावरील शेतकऱ्यांनीं स्वस्थ बसावें काय, हा आमचा प्रश्न आहे. जलपर्णीस नत्र व स्फुरद हवें असतें. तें तिला मैल्यांतून मिळतें, तसेंच आपण उसास हात सैल सोडून दिलेल्या खतांतूनही मिळतें. तिच्या घट्ट थराखालीं उजेड व प्राणवायू पोंचत नाहीं, मासळी गुदमरते, आणि आपल्याच उपशाच्या मोटारींच्या फूटव्हॉल्व्हांत तिच्या मुळ्या अडकतात. अनुकूल हवेंत ती सुमारें दोन आठवड्यांत दुप्पट होते, व तिचें बीं गाळांत पंधरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहूं शकतें. सबब एकदां काढून भागत नाहीं. बंगालनें १९३६ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र कायदाच केला व ती काढण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली. कायद्याची वाट न पाहतां गांवानें दिवाळीपूर्वीं, ती थोडी असतांनाच, मच्छीमारांच्या होड्या व आपले ट्रॅक्टर एकत्र करून आपापला कोपरा मोकळा करावा. ऊसतोड सुरू झाल्यावर माणसें मिळत नाहींत, हें आम्हांस ठाऊक आहे. काढलेली जलपर्णी पुराच्या रेषेबाहेर कुजवावी. मात्र ती जड धातू शोषून घेते, म्हणून तिचें खत भाजीपाल्यास घालण्यापूर्वीं तपासून घ्यावें.

खरा अवघड विषय गाळपेरीचा. वाडवडिलांची जमीन पाण्याखालीं गेली. उन्हाळ्यांत उघडी पडते ती तरी पेरूं द्या, असें जो म्हणतो त्यास उत्तर देणें कठीण आहे, आणि आम्ही तें देत नाहीं. त्यानें पेरावें. परंतु पाण्याच्या अगदीं ओठापर्यंत नांगर नेल्यास तेथें टाकलेलें खत व औषध पाणी चढतांच जलाशयांत मिसळतें. टिटवी व सुरय उघड्या जमिनीवरच अंडीं घालतात. आणि पावसाच्या आरंभीं पुष्कळ मासे उथळ, गवताळ पाण्यांत अंडीं सोडतात. तेथें बारीक आंसाचें जाळें लावणारा मच्छीमार व तेथें नांगर घालणारा शेतकरी, दोघेही पुढील वर्षाचें बियाणेंच खातात. कुंभारगावच्या मच्छीमारांनीं प्रवाशांस पक्षी दाखविण्याचा जोडधंदा धरला आहे. तेव्हां त्यांस या कडेची किंमत सांगावी लागणार नाहीं. आपणांसच सांगावी लागेल, असें दिसतें.

कडेची पट्टी गवतासाठीं सोडावी ती किती रुंद, याचा निर्णय गांवोगांवच्या मंडळींनीं करावा. दहा हात म्हटल्यास फारशी कुरकुर होणार नाहीं. पंधरा हात असावी, अशी आमची इच्छा आहे.