रंगाचे पाणी आणि आपला धंदा

वर्तकनगरमध्ये कापडाचे दुकान चालवताना एक प्रश्न आम्हाला दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो : "चाचा, रंग जाईल का?" गिऱ्हाईक थान उलगडते, कोपरा बोटाने ओला करून चोळून पाहते. आम्हीही ठोकून सांगतो, "ताई, रंग गेला तर कापड परत घेऊन या." मात्र जो रंग कापडावर बसलाच नाही तो कुठे गेला, हे इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलेले नाही. गिऱ्हाइकाने विचारले नाही यात नवल नाही, त्याने रंगाईची शेड पाहिलेली नसते. परंतु आम्ही पाहिलेली आहे, आणि तरीही आम्ही विचारले नाही. याच विषयावर आज आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांशी चार शब्द बोलायचे आहेत.

कोऱ्या कापडाचे रंगीत थान कसे होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तरीही एक गोष्ट उजळणीसाठी सांगतो. सुती कापड रंगवताना टाकीत घातलेला सगळा रंग धाग्याला चिकटत नाही. गडद रंगात तर न चिकटलेला भाग बराच मोठा असतो. तो धुऊन काढावा लागतो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात तक्रार येते. म्हणजे आमचा "पक्का रंग" पक्का होतो तोच मुळी कच्चा रंग नाल्यात सोडून. त्या पाण्यात एकटा रंग नसतो, मीठ, सोडा, कॉस्टिक, साबण आणि ब्लीच हेही असतात. एक किलो सुती कापड धुऊन, रंगवून, तयार करायला साधारण १०० लिटरच्या आसपास पाणी लागते. दुकानातल्या एका फळीवरच्या मालाचा हिशेब केला तरी आकडा डोळे फिरवणारा निघतो.

हे पाणी आपल्याच जिल्ह्यातून वाहते. अंबरनाथच्या डोंगरातून निघालेली वालधुनी नदी प्राचीन शिवमंदिराजवळून, उल्हासनगरातून आणि कल्याणातून जाऊन खाडीला मिळते. उल्हासनगरची जीन्स देशभर गेली. तिच्यावर हजारो कुटुंबे जगली आणि त्यात आपले शिलाई कारागीरही होते. पण जीन्स धुऊन निघालेले निळे पाणी वालधुनीत आणि खेमाणी नाल्यात गेले, आणि खेमाणी नाला उल्हास नदीत मिसळतो. कोणी म्हणेल, उल्हासनगरचे पाणी उल्हासनगरच्या लोकांनी पाहावे, वर्तकनगरच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा की, ठाणे शहराला मिळणाऱ्या पाण्याचा एक भाग शहाड येथे याच उल्हास नदीतून उचलला जातो. शुद्धीकरण होते, ही गोष्ट खरी. पण ज्या नदीचे पाणी आपण पितो, तिच्याच काठावर आपल्या मालाचा रंग सांडतो, हे विसरून चालणार नाही.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका रात्री वालधुनीत कोणीतरी रसायन ओतले. उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेणे कठीण झाले आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. त्याच वर्षीच्या जानेवारीत डोंबिवलीकरांनी हिरवा पाऊस पाहिला होता, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झालेला साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. तेव्हा लोक हसले, फोटो काढले. आम्हाला मात्र हसू आले नाही. रस्त्यावर सांडलेला रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची बातमी होते. पाण्यात आणि फुप्फुसात गेलेल्या रंगाची बातमी होत नाही.

आता स्वतःची चूक सांगतो, कारण दुसऱ्याला उपदेश करण्याआधी आपला खतावणीचा कागद उघडा करावा. काही वर्षांपूर्वी ईदच्या हंगामासाठी आम्ही रंगाईला माल टाकला. दोन ठिकाणचे भाव आले. एकाचा भाव मीटरमागे रुपया-दीड रुपयाने कमी होता. आम्ही स्वतः जाऊन ती शेड पाहिली. पत्र्याच्या छपराखाली पोरे अनवाणी रंगाच्या पाण्यात उभी होती, कोपरापर्यंत हात जांभळे, आणि मागच्या बाजूने एक पाइप सरळ नाल्यात गेलेला. हे सर्व डोळ्यांनी पाहून आम्ही भाव पक्का केला आणि चहा पिऊन परत आलो. हंगामाच्या तोंडावर त्या शेडला सील लागले. आमची थाने आत अडकली, हंगाम गेला, आणि जो रुपया-दीड रुपया वाचवला होता त्याच्या कितीतरी पट नुकसान झाले. बरेच दिवस आम्ही सरकारी खात्याला दूषणे देत होतो. मग एकदा त्यातलाच एक पोरगा दुकानात काम मागायला आला. त्याच्या हातांची कातडी सोललेली होती. त्याला रोजगार गेल्याचे दुःख होते, हातांबद्दल त्याची तक्रारच नव्हती. त्या दिवशी आम्हाला कळले की तो वाचवलेला दीड रुपया आमच्या हुशारीचा नव्हता. तो त्या पोराच्या हातातून आलेला होता.

रंगाचा धोका काल-परवा कळलेला नाही. १८९५ मध्ये लुडविग रेन नावाच्या जर्मन सर्जनने रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग आढळत असल्याचे दाखवून दिले. पुढे बेन्झिडिनसारखी द्रव्ये त्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. १९९४ मध्ये जर्मनीने अशी घातक द्रव्ये सोडणाऱ्या ॲझो रंगांच्या कापडाला दार बंद केले. आम्ही तेव्हा वडिलांच्या गादीवर नवे होतो. बाजारात एकच बोलणे असायचे, "गोऱ्यांनी आपला माल अडवायला नवे निमित्त काढले." पण आपल्या सरकारनेही १९९० च्या दशकातच बेन्झिडिनवर आधारलेल्या ४२ आणि इतर ७० अशा एकूण ११२ रंगांवर बंदी घातली, आणि २००२ मध्ये साऱ्या युरोपीय संघाने तसाच नियम केला. निर्यातदार सुधारले, कारण तिथे माल तपासला जातो. देशी बाजारात कोण तपासतो? परदेशातल्या मुलाच्या अंगावर जो रंग चालत नाही, तो आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाच्या अंगावर कसा चालावा, याचे उत्तर आपल्यापाशी नाही.

कारागिराची अडचण आणखी वेगळी आहे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. रंगाच्या डब्यावरची इंग्रजी सूचना आम्हाला आजही अडखळत वाचावी लागते. मग जो मुलगा चौथीतून शाळा सोडून गावाहून आला, त्याने ती कशी वाचावी? भुकटी उडते ती श्वासातून छातीत जाते आणि काही रंगांनी दमा जडतो. जीन्सला जुनेपणाची झाक यावी म्हणून पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारतात, तोही तोंडाला रुमाल बांधून. विणाईतही तेच आहे. सुताच्या धुळीने छाती जखडते. सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी हा त्रास जास्त जाणवतो. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात तो नोंदवण्याजोगा आजार ठरवला होता. भिवंडीच्या किती यंत्रमागांवर त्याची कधी नोंद झाली असेल, हे वाचकांनीच मनाशी विचारावे. आपल्याकडे "त्याला खोकला आहे" एवढीच नोंद होते.

याला आपले काही बांधव जे उत्तर देतात ते आम्हाला ठाऊक आहे. ते म्हणतात, लहान माणसालाच का धरता? मोठे रासायनिक कारखाने आहेत, महापालिकांचे सांडपाणी सरळ नदीत जाते, त्यांना कोण विचारतो? या बोलण्यात तथ्य आहे. वनशक्ती संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधींचा दंड ठोठावला, तेव्हा सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांबरोबर महापालिकाही त्यात होत्या. म्हणजे दोष एकट्या रंगाऱ्याचा नाही, हे लवादानेही मानले. परंतु बडगा शेवटी कोणावर पडला? पुढे उल्हासनगरातील जीन्स धुलाईच्या कारखान्यांची वीज तोडली गेली, ते बंद पडले, काही शेड आसपासच्या गावांत सरकल्या. महापालिका दंड झाला तरी बंद होत नाही. रंगाऱ्याचा आणि धुलाईवाल्याचा रोजगार मात्र एका दिवसात जातो. म्हणूनच आपण आधी सावध व्हावे. शेजाऱ्याचे घर जास्त घाण आहे म्हणून आपल्या घरात झाडू न मारणे हे शहाणपणाचे नव्हे.

तमिळनाडूतील तिरुपूरचे उदाहरण पाहा. तिथल्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी खराब झाली. शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात रंगाचे पाणी साचले आणि शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथल्या सुमारे ७०० रंगाई व ब्लीचिंगच्या कारखान्यांना टाळे लागले. व्यापार कोलमडला आणि कारागीर गावी परतले. पण नंतर तिथल्या लोकांनी एकत्र येऊन पाणी पूर्ण शुद्ध करून पुन्हा वापरण्याची आणि मीठसुद्धा परत मिळवण्याची व्यवस्था उभी केली. ती महाग आहे यात शंका नाही. तरीही आज तिरुपूर विणलेल्या तयार कपड्यांच्या निर्यातीत आघाडीवर आहे. शहाणपण तिथेही होते, पण टाळे लागल्यावर सुचले. आपण टाळ्याची वाट का पाहावी?

आमच्या भागातील जुन्या लोकांना शेजारची रेमंडची गिरणी आठवते. १९२५ मध्ये उभी राहिलेली ही गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि आता त्या जमिनीवर उंच इमारती आहेत. गिरणीच्या काळात सूत, विणाई आणि रंगाई एकाच कुंपणात होत असे. काही बिघडले तर कोणते दार ठोठवायचे, हे कामगारालाही माहीत होते आणि सरकारलाही. आता तेच काम शंभर शेडमध्ये विखुरले आहे. विणणारा एक, रंगवणारा दुसरा, धुणारा तिसरा, आणि जबाबदारी कोणाचीच नाही. या साखळीत सगळ्यांना जोडणारा आणि सगळ्यांना पैसे देणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे व्यापारी. म्हणून पहिला प्रश्नही त्यानेच विचारला पाहिजे.

आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी आजपासून करता येतील. पहिली, रंगाईला माल टाकण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र पाहायला मागावे आणि पाणी कोणत्या प्रक्रिया केंद्राकडे जाते ते विचारावे. जो दाखवत नाही, त्याच्याकडे अडकलेल्या मालाची जबाबदारीही कोणी घेत नाही. दुसरी, बंदी असलेले रंग वापरलेले नाहीत हे बिलावर लिहून घ्यावे. तिसरी, हातमोजे, गमबूट आणि तोंडावरचा योग्य मास्क यांचा खर्च जॉबवर्कच्या दरात स्वतःहून धरावा, आणि डब्यावरची सूचना कारागिराला समजेल अशा भाषेत भिंतीवर लावावी. चौथी, दुकानात गिऱ्हाइकाला एवढे तरी सांगावे की नवे कापड, विशेषतः लहान मुलांचे, एकदा धुतल्याशिवाय अंगावर घालू नका.

एकट्या दुकानदाराने भाव वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे आम्हालाही कळते. पण बाजारातील दहा-वीस दुकानदारांनी मिळून एकाच रंगाऱ्याकडे माल टाकला आणि त्याला वर्षभराच्या कामाची हमी दिली, तर त्याला पाणी शुद्ध करण्याचा खर्च झेपू शकतो. भाव पाडून घेण्यासाठी आपण एकत्र येतो. मग भाव वाजवी देण्यासाठी एकत्र यायला काय हरकत आहे?

आम्ही स्वतः गेल्या हंगामापासून संमतीपत्र पाहिल्याशिवाय माल टाकत नाही. मीटरमागे थोडे जास्त मोजावे लागतात. गिऱ्हाईक कुरकुरते, कधी थान खाली ठेवून निघूनही जाते. जे थांबते त्याला आम्ही कारण सांगतो. "चाचा, रंग जाईल का?" या प्रश्नाला आमचे उत्तर आजही तेच आहे, पण आता त्यापुढे एक वाक्य जोडतो : "आणि ताई, उरलेला रंग नाल्यात गेलेला नाही, याची आम्ही चौकशी केली आहे."