गर्भिणीचा विसावा

गरोदर स्त्रीच्या इच्छा एकट्या तिच्या नसून तिच्या उदरातील जीवाच्याही असतात, म्हणून त्यांची अवहेलना करू नये, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रतिपादन केलेले आहे; त्यामागची उपपत्ती आधुनिक शास्त्राला जशीच्या तशी मान्य होणार नाही, परंतु ज्या समाजाने डोहाळजेवण घालून, फुलांची वाडी भरून आणि हिरवी साडी नेसवून त्या इच्छांना उत्सवाचे रूप दिले, त्याला मातृहृदयाची पारख होती, हे कोणालाही नाकारता यायचे नाही.

पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास पोटातली हालचाल प्रथम जाणवते, आणि तोवर इतरांच्या सांगण्यावरून मानलेले मूल त्या क्षणापासून तिला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. पुढे गर्भालाही ऐकू येऊ लागते. नवजात अर्भके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकण्यासाठी चोखण्याची लय बदलतात, असे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली प्रयोगाने दाखवले. यावरून अमुक श्लोक, अमुक राग ऐकलाच पाहिजे, असा दंडक गर्भिणीवर लादणे मला अन्यायाचे वाटते. ममत्व हुकमाने उपजत नाही, त्याला निवांतपणा लागतो.

आणि नेमका तोच निवांतपणा, बीड जिल्ह्यातून दरवर्षी हंगामाला जाणाऱ्या ऊसतोड स्त्रीच्या वाट्याला येत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल नवराबायकोच्या जोडीने, म्हणजे एका 'कोयत्या'ने, मिळून फेडायची असल्यामुळे, आणि एक दिवस घरी राहिले तरी खाड्याचा दंड बसत असल्यामुळे, दिवस भरत आले तरी ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत असते. पोटातले मूल हलले, तर थांबून त्याची चाहूल घेण्याइतकी उसंत तिने कोठून आणावी?

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्या विश्रांतीचा भार मुख्यतः सरकारने सोसावा, असे आग्रहाने मांडले होते. त्यानंतर १९६१ चा कायदा आला, २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि त्यांतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. पण ही तरतूद नोकरीच्या कागदावर नाव असलेल्या स्त्रीपुरतीच राहिली, उसाच्या फडापर्यंत ती पोहोचलीच नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत खाडा धरला जाऊ नये आणि बुडालेली मजुरी साखर कारखाना व सरकार यांनी मिळून भरून द्यावी, अशी अट उचलीच्या करारातच घातली गेली पाहिजे, आणि तीही पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी.