ताण आणि पाणी

संत्र्याच्या बागेस बहार यावा म्हणून झाडांस ताण द्यावा लागतो, हे पांढुर्णा व सौसरकडील बागायतदारांस आम्ही सांगावयास नको. पाणी तोडावे, पाने मलूल होऊ द्यावीत. परंतु वेळ ओळखून पुन्हा पाणी सोडावे. ताण लांबला तर बहार राहिला दूर, झाडच वाळते. झाडाविषयी असलेली ही समज आपण शिकणाऱ्या मुलांविषयी ठेवतो काय? दंतवैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींकडे पाहून हा प्रश्न आमच्या मनात येतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला व आपला हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. म्हणून नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय जवळ असले, तरी तेथील बहुतेक जागा महाराष्ट्रातील मुलांच्या. आपल्या राज्याचे शासकीय दंत महाविद्यालय दूर इंदूरास. घरची भाषा मराठी, पुष्कळांची शाळा हिंदी आणि पुढ्यात शरीरशास्त्राचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ!

अभ्यासक्रम चार वर्षांचा व त्यावर एक वर्ष रुग्णसेवेचे. आरंभी मेणाचे दात कोरावयाचे. पुढे ठरलेल्या संख्येने दात काढावयाचे, भरावयाचे, कवळ्या बसवावयाच्या. रुग्ण आला नाही तर काम अपुरे राहते. परीक्षा मात्र थांबत नाही. अशात घरून ऐकू येते, “मोठी डॉक्टरकी हुकली म्हणून दाताकडे गेला.” हे वाक्य त्या मुलाच्या मनात खोल रुतून बसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या अतिताणाने येणाऱ्या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली: शक्ती सरणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. ते वर्णन नोकरीधंद्याच्या कामापुरते आहे. तथापि अशी लक्षणे विद्यार्थ्यांतही दिसतात. आईबाप मात्र त्यांस आळस म्हणतात व अधिक बोलतात. म्हणजे वाळत्या झाडाचे पाणी आणखी तोडतात.

म्हणून आमची विनंती अशी की, दूरध्वनीवर पहिला प्रश्न गुणांचा नसावा. जेवण होते काय, झोप लागते काय, हे आधी विचारावे. एखादा विषय राहिला तर तो पुन्हा देता येतो, हे आपण होऊन सांगावे. मूल अबोल झाले, त्याची झोप उडाली किंवा जगण्याचा कंटाळा त्याने बोलून दाखविला, तर लोकलाज बाजूस सारून तत्काळ त्याच्याजवळ जावे व वैद्याचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, आणि मराठीतूनही.

पदवी एक वर्ष उशिरा मिळाली म्हणून घराचे काही बुडत नाही. सुटीत मूल घरी येईल तेव्हा त्यास दोन दिवस निवांत झोपू द्यावे. पुस्तकांची चौकशी मागाहून करता येईल.