गाजर गवत: एक तण, दोन आजार

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की शहरातील मोकळे भूखंड, रेल्वेमार्गाच्या कडा, अर्धवट सोडलेली बांधकामे आणि रस्त्यांचे दुभाजक हिरवे होतात. या हिरवळीचा मोठा भाग गाजर गवताचा असतो. चार ते सहा आठवड्यांत त्याला पांढरी फुले येतात. त्यानंतर दवाखान्यांत शिंका, दमा आणि अंगावरील खाज यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत या गवताने बाधित झालेलेही असतात. या सर्व तक्रारींना सरसकट 'अॅलर्जी' म्हटले जाते आणि एकाच प्रकारच्या गोळ्यांवर भागवले जाते. नेमकी इथेच गल्लत होते.

मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील हे तण भारतात ठळकपणे नजरेत भरले ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असा समज तेव्हापासून रूढ आहे. त्यावरूनच त्याला 'काँग्रेस गवत' हे नाव पडल्याचे सांगितले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे देशातील त्याआधीच्या नोंदीही दाखवून दिल्या. मात्र त्याचा झपाट्याने प्रसार झाला तो पन्नाशीच्या दशकानंतर, हे निर्विवाद आहे. त्यापाठोपाठ त्वचारोगाचे रुग्ण वाढू लागले. पुण्यातील डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या त्वचादाहाची सविस्तर नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली.

मिनिटांचा आणि दिवसांचा फरक

'अॅलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. पुढे १९६३ मध्ये जेल आणि कूम्ब्स या शास्त्रज्ञांनी शरीराच्या अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार पाडले. गाजर गवताचे वैशिष्ट्य असे, की ही एकच वनस्पती त्यांपैकी पहिला आणि चौथा असे दोन्ही प्रकार घडवून आणते.

पहिला प्रकार परागकणांचा. ते श्वासावाटे आत गेल्यावर काही व्यक्तींच्या शरीरात 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि 'मास्ट' पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच परागकण आले, की या पेशी फुटल्यागत हिस्टामीन आणि अन्य रसायने बाहेर टाकतात. काही मिनिटांतच शिंकांची सरबत्ती सुरू होते, नाक वाहते, डोळे चुरचुरतात. दम्याच्या रुग्णाला धाप लागते. अंगावर 'पित्त उठणे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गांधींमागेही बहुधा हिस्टामीनच असते. त्यामुळे हिस्टामीनरोधक गोळ्यांनी अशा रुग्णांना बराच आराम पडतो.

चौथ्या प्रकाराची तऱ्हा निराळी. गवताच्या पानांवरील आणि खोडावरील सूक्ष्म केसांत 'पार्थेनिन' हे रसायन असते. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्यावर उडून त्वचेवर बसतो. पार्थेनिन त्वचेतील प्रथिनांशी जोडले जाते आणि ही नवी जोडगोळी शरीराला परकी वाटते. त्वचेतील पहारेकरी पेशी तिची खबर लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचवतात व तेथे 'टी' पेशी तिची ओळख कायमची लक्षात ठेवतात. पुन्हा संपर्क आला, की या पेशी त्वचेकडे धाव घेतात. या साऱ्याला वेळ लागतो. पुरळ उमटते ते एक ते तीन दिवसांनी. पापण्या, चेहरा, मान, कानामागील भाग आणि कोपरांच्या खोबणी प्रथम लाल होतात, खाजतात; कालांतराने कातडी जाड व काळपट होते. काही रुग्णांना पुढे उन्हात जाणेही असह्य होते.

या दुसऱ्या आजारात मुख्य सूत्रधार हिस्टामीन नसतेच. म्हणून गोळीने गुंगी येते, आजार मात्र हटत नाही. चाचण्याही वेगळ्या लागतात. परागकणांसाठी त्वचेला टोचून पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी चाचणी उपयोगी पडते. त्वचादाहासाठी मात्र पाठीवर पट्टी चिकटवून ४८ तासांनी व त्यानंतर पुन्हा तपासावे लागते. रक्तातील आयजीई मोजणारी महागडी तपासणी हा दुसरा आजार पकडू शकत नाही.

निदान चुकले, की रुग्ण औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम आणतो. तात्पुरता आराम पडतो; परंतु महिनोन्महिने वापरल्यास चेहऱ्याची त्वचा पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तीव्र आजारात त्वचारोगतज्ज्ञ अॅझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. त्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागते. खरा उपाय तणापासून दूर राहणे हाच. पण ज्याचे घर मोकळ्या भूखंडाला लागून आहे किंवा ज्याची रोजीरोटीच शेतात आहे, त्याने जायचे कोठे?

प्रश्न दवाखान्याबाहेरचा

म्हणूनच हा प्रश्न केवळ वैद्यकीय उरत नाही. कर्नाटकाने १९७५ मध्येच गाजर गवताला कायद्याने उपद्रवी तण ठरवले. तरीही ते तेथून हटले नाही. मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आले. ते पावसाळ्यात पाने फस्त करतात. पण कोरड्या ऋतूत जमिनीत निपचित पडून राहतात आणि तण पुन्हा डोके वर काढते. टाकळ्यासारख्या वनस्पती वाढवून त्याला रोखण्याचा मार्गही तज्ज्ञ सुचवतात. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. मात्र सप्ताहाने भागणारे हे काम नव्हे. एकेक झाड हजारो बिया टाकते आणि वर्षातून अनेकदा उगवते. फुलावर आल्यानंतर ते उपटणे म्हणजे बी पेरण्यासारखेच होय.

शिवाय ते उपटते कोण, हेही पाहायला हवे. हातमोजे आणि मुखपट्टी न देता हे काम कंत्राटी सफाई कामगारांकडून करून घेतले, तर स्वच्छतेच्या नावाखाली नवे रुग्णच तयार होतील. एकदा शरीराने पार्थेनिनची ओळख धरली, की ती सहसा पुसली जात नाही. फुलोऱ्यापूर्वी, पुरेशा साधनांनिशी आणि वर्षातून अनेक वेळा, असे वेळापत्रक आखणे हे ज्याच्या मालकीची जमीन त्याचे काम आहे. मग तो खासगी भूखंडधारक असो, महापालिका असो वा रेल्वे. ते होत नाही तोवर जमीनमालकाच्या हलगर्जीची किंमत शेजारी राहणारा आपल्या त्वचेने आणि श्वासाने मोजत राहील.