विश्लेषण : चूक सुधारणारे गणित फुकट मिळते, पण ते घडवते कोण?

सौंदड (जि. गोंदिया) : रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाची एक टपरी आहे. तिथला यूपीआयचा क्यूआर कोड आता जुना झाला. खालचा उजवा कोपरा निघून गेला आहे, मधे चहाचा डाग आहे, वरून हायवेची धूळ आहे. तरी मोबाइल समोर धरला की दहा रुपये टपरीवाल्याच्याच खात्यात जातात.

याच गावात माझ्या काकांचे धानाचे चुकारे दीड महिना अडकून पडले. अर्जात खाते क्रमांक भरताना शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले होते, ९६ चे ६९ एवढेच. अर्ज नवाकोरा होता, आकडे सुवाच्य होते, पुढे कोणी हरकत घेतली नाही आणि पैसे निघाले ते भलत्याच क्रमांकाकडे. खते-औषधांची उधारी, पुढच्या हंगामाची तयारी आणि हातात फक्त एक पोचपावती.

फाटका स्टिकर स्वतःची चूक सुधारतो आणि स्वच्छ अर्ज चूक तशीच पुढे ढकलतो. हा फरक एका गणिताचा आहे. ते गणित आज कोणालाही फुकट वापरता येते, शिकता येते, तपासता येते. मात्र त्यामागे कोणीतरी अनेक वर्षे काम करत असते आणि त्या कामात आपला वाटा किती, हा प्रश्न आपण विचारत नाही.

चूक सुधारणारा संकेत म्हणजे काय?

फोनवर ‘साठ पोती’ सांगितले तर समोरच्याला ‘आठ’ ऐकू येऊ शकते. म्हणून आपण लगेच जोडतो, ‘साठ, म्हणजे सिक्स्टी’. धनादेशावर रक्कम आकड्यांत लिहून झाली की ‘अक्षरी रुपये’ पुन्हा लिहितो. दोन्ही ठिकाणी आपण गरजेपेक्षा जास्त माहिती देतो आणि त्या जास्तीच्या माहितीमुळे चूक पकडली जाते.

याचे शिस्तशीर रूप म्हणजे त्रुटीसुधारक संकेत. अमेरिकेतील बेल लॅब्जमधील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये यावरचा पायाभूत शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या सर्वांत परिचित संकेतात माहितीच्या चार बिटांना तपासणीचे तीन बिट जोडतात. या सातांपैकी कोणताही एक बिट उलटला तरी तो कोणता हे कळते आणि तो परत सरळ करता येतो.

चूक पकडणे आणि चूक सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा तपासअंक असतो. तो व्हेरहूफ पद्धतीने आधीच्या अकरा अंकांवरून काढतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की हिशेब जुळत नाही आणि क्रमांक चुकीचा असल्याचे कळते. नेमके कुठे चुकले, हे मात्र तो सांगत नाही. बँक खाते क्रमांकाची रचना बँकेगणिक वेगळी आहे. सर्व बँकांना सामाईक असा तपासअंक नाही. म्हणूनच ऑनलाइन पैसे पाठवताना खाते क्रमांक दोनदा टाकायला लावतात. रिझर्व्ह बँकेने एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास बँकांना सांगितले, तेही याच जातीचे पाऊल आहे. क्रमांकाच्या जोडीला नाव, म्हणजे पुन्हा थोडी जास्तीची माहिती.

फाटलेला क्यूआर कोड वाचला कसा जातो?

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला. त्यात रीड-सॉलोमन नावाचा संकेत वापरतात. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी तो १९६० मध्ये मांडला. त्याची कल्पना दहावीच्या भूमितीतून समजते. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. म्हणजे रेषा कळवायला दोन बिंदू पुरेसे आहेत. आपण मात्र त्याच रेषेवरचे पाच बिंदू पाठवले आणि वाटेत एक सरकला, तर उरलेले चार अजूनही एका रेषेत दिसतील. सरकलेला बिंदू ओळखूही येतो आणि जागेवरही आणता येतो. प्रत्यक्षात रेषेऐवजी मोठ्या घाताच्या बहुपदी असतात आणि आकडेमोड २५६ घटकांच्या सांत क्षेत्रात चालते, पण युक्ती तीच.

क्यूआर कोडच्या चार पातळ्या आहेत. त्यांत अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळवता येते. म्हणून टपरीवरचा स्टिकर चालतो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र शाबूत हवेत, कारण कॅमेऱ्याला दिशा त्यांच्यावरून कळते.

यात विदर्भाचा संबंध काय?

संबंध आहे आणि तो अभिमानाचा आहे. गणितज्ञ शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७-२०२०) हे नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएचडी केली. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी लॅटिन चौरसांबद्दलचे ऑयलरचे सुमारे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरवले. ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची उभारणीही श्रीखंडे यांच्याच हातून झाली.

ऑयलरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्याच १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी संकेतरचनेवर एक शोधनिबंध लिहिला होता, हे फारसे सांगितले जात नाही. अधिक एक आणि उणे एक यांनी भरलेल्या हादामार्द सारण्या आणि चुकांना उत्तम तोंड देणारे संकेत यांचे नाते त्यात उलगडले आहे. हादामार्द सारणीवर उभा असलेला एक संकेत १९७१ मध्ये नासाच्या मरिनर-९ यानावर होता. छायाचित्रातील दर सहा बिटांऐवजी यान ३२ बिट पाठवत असे. त्यातले सात चुकले तरी मूळ सहा सुखरूप मिळत. मंगळाची छायाचित्रे अशी पृथ्वीवर पोचली.

दूरसंचारात सर्रास वापरले जाणारे बीसीएच संकेत आहेत. त्यातला ‘बी’ म्हणजे हेच बोस. आणि सेजमॅथ नावाच्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ लिहिली की १६ शिरोबिंदूंचा, प्रत्येकाला सहा शेजारी असलेला ‘श्रीखंडे आलेख’ पडद्यावर येतो. नागपुरात शिकलेल्या माणसाचे नाव त्या सॉफ्टवेअरमध्ये कोरलेले आहे. नागपुरात शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी ते उघडून पाहिले असेल?

सेजमॅथ काय आहे?

विल्यम स्टाइन या अमेरिकी गणितज्ञाने २००५ मध्ये सुरू केलेले हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. मॅग्मा, मेपल, मॅथमॅटिका, मॅटलॅब या महागड्या सॉफ्टवेअरना मोफत आणि उघडा पर्याय देणे हा त्याचा हेतू. ‘उघडा’ या शब्दाला इथे वजन आहे. बंद सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर मानावे लागते. उघड्या सॉफ्टवेअरमध्ये ते कसे आले, हे ओळ न् ओळ वाचता येते. गणितात पुरावा दाखवल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही, मग गणित करणाऱ्या यंत्राला सूट का द्यावी?

सुरुवातीला सेजमध्ये संकेतांसाठी काही सोयी होत्या. बरेच काम गॅप या जुन्या मुक्त प्रणालीतील ‘ग्वावा’ पॅकेजवर सोपवलेले होते. २०१४ पासून फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेच्या निधीतून हा भाग नव्याने रचण्याचा प्रकल्प दोन वर्षे चालला. एका अभियंत्याला त्यासाठी पूर्णवेळ काम मिळाले, सोबत संकेतशास्त्राचे संशोधक होते. संकेत, तो भरणारा, तो उलगडणारा आणि मधे चुका घालणारी वाहिनी असे चार वेगळे भाग करून त्यांनी साचा बांधला. आता कोणी नवी उलगडण्याची पद्धत शोधली तर तेवढाच भाग लिहून जोडता येतो. रीड-सॉलोमन संकेतासाठी सेजमध्ये आज अनेक पद्धती आहेत. वेंकटेशन गुरुस्वामी आणि मधु सुदान या भारतीय वंशाच्या संशोधकांची प्रसिद्ध पद्धतही त्यांत आहे.

मिळून काम करणे म्हणजे नेमके काय?

हा या विषयाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग. सेजमध्ये कोणीही बदल सुचवू शकतो, पण कोणीही एकटा तो आत घालू शकत नाही. आधी काय बिघडले आहे किंवा काय हवे आहे, हे सर्वांना दिसेल असे नोंदवायचे. मग कोड लिहायचा. प्रत्येक नव्या फंक्शनसोबत उदाहरण आणि त्याचे अपेक्षित उत्तर लिहायचे. ही उदाहरणे यंत्राकडून पुनःपुन्हा तपासली जातात. उद्या कोणी दुसरीकडे हात लावला आणि इथले उत्तर बदलले, तर लगेच बोंब होते. शेवटी दुसऱ्या कोणीतरी तो कोड वाचून संमती द्यायची. लिहिणारा कितीही मोठा प्राध्यापक असो, दुसऱ्याच्या नजरेशिवाय त्याचा कोड पुढे जात नाही. २०२३ पासून हे सारे काम गिटहबवर चालते.

म्हणजे चुका सुधारणारे संकेत ज्या पद्धतीने लिहिले जातात, ती पद्धतही चुका सुधारणारीच आहे. जोडलेले उदाहरण हा तपासअंक आणि दुसऱ्याची नजर ही ‘अक्षरी रुपये’. यामुळे काम हळू होते. एक लहानसा बदल आठवडे, कधी महिने पडून राहतो, कारण तपासायला माणूस नसतो.

फुकट म्हणजे कोणाच्या खर्चाने?

इथे खरी अडचण आहे. असे सॉफ्टवेअर वापरणारे खूप आणि सांभाळणारे मूठभर. नवे फंक्शन लिहिले की नाव होते, शोधनिबंध निघतो. जुने दुरुस्त करणे, दुसऱ्याचा कोड वाचणे, मार्गदर्शिका नीट लिहिणे यातून बढतीही मिळत नाही आणि गुणही. पूर्णवेळ अभियंत्याचा निधी दोन वर्षांत संपतो, पण सॉफ्टवेअरची निगा संपत नाही. पायथनची आवृत्ती बदलली, एखादे जोडपॅकेज बदलले, की कुठेतरी काहीतरी मोडते. ते जोडायला कोणीतरी आपली रविवारची दुपार देतो.

संकेतात जास्तीचे बिट नसतील तर चूक सुधारत नाही. समाजात जास्तीचे हात नसतील तरी तेच होते. आपण आजवर दुरुस्त होऊन आलेले उत्तर घेतले, जास्तीचे हात मात्र इतरांनी पुरवले.

आपल्याकडे काय करता येईल?

अभियांत्रिकीत आम्हाला हा विषय होता. सिंड्रोमचे तक्ते हाताने भरले, परीक्षेत तेच आले, गुण मिळाले. प्रयोगशाळेत एका महागड्या सॉफ्टवेअरची परवाना संपलेली प्रत होती. ती उघडली की आधी सूचना बंद करायची, हे सगळ्यांना पाठ. मुक्त पर्याय असल्याचे मला नोकरी लागल्यावर कळले. दोष एका महाविद्यालयाचा नाही, सवय सगळीकडचीच आहे.

ती मोडण्याचा रस्ता राज्यातच दाखवला गेला आहे. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरवली आणि त्याचे मानधन घेतले. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. विद्यापीठांना यापेक्षा फार वेगळे काही करायचे नाही.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला श्रेयांक आहेतच. त्यात मुक्त सॉफ्टवेअरमध्ये स्वीकारलेल्या एका दुरुस्तीला जागा द्यावी. दरवर्षी तीच ती ‘अटेंडन्स सिस्टिम’ जमा करण्यापेक्षा एका फंक्शनची चुकलेली मार्गदर्शिका सुधारणे अधिक अवघड आणि अधिक उपयोगी आहे. तिथे परीक्षक ओळखीचा नसतो आणि कॉपी चालत नाही. त्यासाठी संगणक, इंटरनेट आणि धीर लागतो. यातला धीर शिकवावा लागेल.

दुसरी अपेक्षा शासनाकडून आहे. शेतकऱ्याच्या पैशाशी जोडलेल्या प्रत्येक क्रमांकाला तपासअंक हवा आणि अर्ज भरतानाच तो पडताळला जायला हवा. व्हेरहूफची पद्धत १९६९ पासून छापील आहे, तिला परवाना शुल्क नाही. हे न करण्याचे तांत्रिक कारण उरलेले नाही.

काकांचे पैसे अखेर आले. आता ते कुठलाही अर्ज भरला की शेजारच्या मुलीला हाक मारतात आणि खाते क्रमांक तिला शेवटून सुरुवातीकडे वाचायला लावतात. स्वतः पासबुकावर बोट ठेवून जुळवतात. तिचे वाचून झाल्याशिवाय सही करत नाहीत.